चला, आरेच्या रानात!

मुलांनो, मुंबई म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभं राहतं? समुद्र, उंच उंच इमारती, लोकलची गर्दी आणि वडापाव! बरोबर आहे. पण याच मुंबईत बिबट्या राहतो, हे तुम्हांला माहीत आहे का? राणीच्या बागेतला पिंजऱ्यातला नव्हे बरं! चांगला मोकळा, रात्री आपल्या वाटेनं गुपचूप फिरणारा, पहाटे परत झाडीत गडप होणारा. २०१५ साली बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्याच्या आसपासचा भाग पिंजून काढून बिबट्यांची मोजणी झाली. झाडांना आपोआप फोटो काढणारे कॅमेरे बांधले होते. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, अगदी आपल्या बोटांच्या ठशांसारखे. त्यावरून ओळख पटवली, तर ३५ बिबटे निघाले. २०१८ च्या मोजणीत ते ४७ झाले!

या राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिणेला, त्याला अगदी चिकटून एक हिरवा पट्टा आहे. नाव फक्त दोन अक्षरांचं – आरे. आज आपण तिथंच जाणार आहोत. पाण्याची बाटली घ्या, टोपी घाला आणि पायांत बूट घाला. गवतातून चालायचं आहे!

गोरेगाव स्टेशनला पूर्वेकडे उतरायचं. दुकानं, रिक्षा, भोंगे यांतून वाट काढत पश्चिम द्रुतगती मार्ग गाठायचा. तो ओलांडला की आरेचा चेकनाका लागतो. आणि मग गंमत सुरू होते. पाच मिनिटं चाललात की गाड्यांचा आवाज मागे पडतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी मोठमोठ्या झाडांची कमान होते. हवा एकदम गार लागते. मध्येच शेणाचा आणि ओल्या गवताचा वास येतो. शहरातल्या मुलांना तो वास आधी विचित्र वाटतो, पण थोड्या वेळानं बरा वाटू लागतो!

शेणाचा वास इथं का, असं विचाराल, तर आरेचा जन्मच मुळी म्हशींसाठी झालेला आहे.

दुधाची वसाहत

तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांना आरेचं दूध नक्की आठवत असेल. काचेची जाडजूड बाटली, तिला पातळ पत्र्याचं चकाकतं झाकण. पहाटे उठून केंद्रावर रांग लावायची, कार्ड दाखवायचं, रिकाम्या बाटल्या द्यायच्या आणि भरलेल्या घ्यायच्या. बाटली फुटली तर घरी बोलणी खायची! ते दूध इथलं.

पूर्वी मुंबई शहरात वस्तीतच म्हशींचे गोठे होते. त्यानं घाण व्हायची, रोगराई पसरायची. म्हणून या म्हशी शहराबाहेर एका मोकळ्या जागी न्यायच्या, असं सरकारनं ठरवलं. १९४९ साली गोरेगावजवळ आरे दुग्ध वसाहत सुरू झाली. १९५१ साली पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्‍घाटन झालं, आणि त्यांनी इथं एक रोपही लावलं. दारा खुरोडी नावाचे अधिकारी या योजनेमागे होते. १९६३ साली त्यांना वर्गीज कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे ‘अमूल’वाल्यांच्या जोडीनं आपले आरेवालेसुद्धा!

वसाहत मोठी ऐसपैस होती, सुमारे १६ चौरस किलोमीटर. म्हशींचे तबेले, त्यांच्यासाठी गवताची कुरणं, मधून मधून तळी आणि बाकी सगळी झाडी. सहलीसाठी ‘छोटा काश्मीर’ ही बागही झाली. कितीतरी हिंदी सिनेमांतल्या नायक-नायिकांनी तिथं गाणी म्हटली आहेत. पुढं आरेच्याच जमिनीतला एक तुकडा चित्रनगरीला गेला, दुसरा आणखी कशाला, तिसरा आणखी कशाला. केक कापावा तसं होत गेलं. प्रत्येक तुकडा मागणारा म्हणायचा, “एवढी मोठी जागा आहे, त्यातली थोडीशीच तर हवी!”

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं पुन्हा येणार आहे.

पाड्यावरची माणसं

चेकनाक्यापासून आत आलं की डाव्या-उजव्या हाताला पायवाटा फुटलेल्या दिसतात. या वाटा सहलीला येणाऱ्यांनी पाडलेल्या नाहीत. त्या आहेत पाड्यांवर जाणाऱ्या वाटा. आरेमध्ये आदिवासींचे २७ पाडे आहेत, असं सांगतात. खांबाचा पाडा, नवशाचा पाडा, केलटीपाडा अशी त्यांची नावं. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी अशा जमातींची माणसं इथं राहतात. दुधाची वसाहत होण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांच्या पिढ्या इथं नांदत आल्या आहेत.

काही घरांच्या भिंतींवर पांढऱ्या रंगात काढलेली वारली चित्रं दिसतात. गोल फेर धरून नाचणारी माणसं, झाडं, पक्षी, आणि हो, बिबट्यासुद्धा! घराच्या मागं भाजीचा छोटा मळा असतो. पावसाळा लागला की रानात टाकळा, कुर्डू, शेवळं अशा रानभाज्या उगवतात. त्या खुडून बायका बाजारात विकायला नेतात. मुंबईच्या बाजारात मिळणारी शेवळ्याची जुडी कधी कधी मुंबईतलीच असते बरं का!

आणि बिबट्याची भीती? ती आहेच. रात्री मुलांना एकटं सोडत नाहीत, अंधारात बोलत बोलत, बॅटरी घेऊन चालतात. आरेमध्ये बिबट्यानं माणसांवर हल्ले केल्याच्या दुःखद घटनाही घडल्या आहेत. पण पाड्यावरची माणसं त्याला नुसता शत्रू मानत नाहीत. वाघोबा हा त्यांचा देव आहे. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते, तेव्हा त्याची पूजा होते, नाच होतो. तू तुझ्या वाटेनं जा, आम्ही आमच्या वाटेनं, असा जणू दोघांमधला करारच!

मुठीएवढं आश्चर्य

बिबट्या दिसेल, अशी आशा धरून मात्र चालू नका. तो आपल्याला बघतो, आपल्याला तो दिसत नाही. आपण खाली बघू या. जमिनीवर.

२०१० साली अभ्यासकांनी विंचवाची एक नवी जात जगापुढे मांडली. तिचं शास्त्रीय नाव लायकस आरेएन्सिस. पुढं २०१४ साली जमिनीत बीळ करून राहणाऱ्या एका कोळ्याची नवी जात जाहीर झाली. तिचं नाव हेटेरोफ्रिक्टस आरेएन्सिस. दोन्ही नावांत ‘आरे’ आलं ना? कारण हे जीव इथंच सापडले! दीडेक कोटी माणसांच्या शहरात, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, शास्त्राला तोपर्यंत माहीत नसलेले प्राणी गपचूप राहत होते. घनदाट ॲमेझॉनमध्ये नवा किडा सापडला, तर आपण समजू शकतो. पण गोरेगावात!

आणखी एक गोष्ट बघायची आहे, पाणी. पावसाळ्यात आरेमध्ये जिकडेतिकडे ओढे वाहत असतात. मुंबईची ओशिवरा नदी याच भागातून निघते. विहार आणि पवई तलावांचं भरून वाहणारं पाणी घेऊन येणारी मिठी नदीही आरेच्या कडेनं जाते आणि सुमारे १८ किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ हा दिवस तुमच्या आईबाबांना विचारा. त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीच्या काठचा सगळा भाग पाण्याखाली गेला. शेकडो माणसं दगावली. मोकळी माती आणि गवत पाणी जिरवून घेतात. काँक्रीट ते तसंच पुढं ढकलून देतं. म्हणून नदीच्या वरच्या अंगाला असलेली प्रत्येक मोकळी जागा खालच्या माणसांच्या घरांची राखण करत असते. आरेचं हे काम कुणाला दिसत नाही, पण ते चालूच असतं.

गाड्यांच्या झोपायची जागा

आता आपण आरेच्या दुसऱ्या टोकाला, जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्याच्या बाजूला येऊ. इथं भलामोठा मोकळा पट्टा, लोखंडी रूळ आणि उंच शेड दिसतात. ही मेट्रोची कारशेड. आपल्या गोष्टीतलं भांडण या जागेवरून झालं.

आधी मेट्रोची बाजू नीट समजून घेऊ. २०१९ च्या सुमारास मुंबईच्या लोकलनं रोज सत्तर लाखांहून अधिक माणसं प्रवास करत होती. दाराला लटकणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. त्यातली कितीतरी पडतात, जीव गमावतात. म्हणून कुलाबा–वांद्रे–सीप्झ ही भुयारी मेट्रो आखली गेली. तिला मेट्रो ३ म्हणतात. ३३.५ किलोमीटर लांब, २७ स्थानकं. ती हवी होती का? हो, हवीच होती! जितकी माणसं मेट्रोनं जातील, तितक्या मोटारी कमी, तितका धूर कमी. आरे वाचवायला निघालेल्या लोकांपैकी बहुतेक जण हेच म्हणत होते, “मेट्रो हवी, पण तिची कारशेड इथं नको.”

कारशेड म्हणजे काय? तुमची सायकल रात्री जिन्याखाली राहते ना? तशी मेट्रोच्या गाड्यांना रात्री राहायची, धुवायची, तपासायची, दुरुस्त करायची जागा लागते. गाडी भुयारातून धावली, तरी ही जागा जमिनीवर आणि चांगली ऐसपैस लागते. सरकारला आरेमधली तीसएक हेक्टर जमीन सोयीची वाटली. ती सरकारचीच होती, मार्गाच्या टोकाला होती आणि एकसंध होती. विकत घ्यायला नको, घरं पाडायला नकोत. शिवाय अधिकारी म्हणत, “एवढ्या मोठ्या आरेमधला हा थोडासाच तर भाग आहे!”

आठवलं ना ते वाक्य?

पण घरं अगदीच नव्हती असंही नाही. तिथं प्रजापूरपाडा होता. तिथल्या कुटुंबांना पाडा सोडून इमारतीत जावं लागलं. ज्यांचं अंगण, मळा आणि झाडं हेच घर होतं, त्यांना चार भिंतींची खोली मिळाली.

कागद वाचणारी फौज

२०१४ साली आरेमधली दोन हजारांहून अधिक झाडं हलवायचा प्रस्ताव असल्याचं लोकांना कळलं. पुढं काय झालं असेल? घोषणा, मोर्चे? ते झालं, पण नंतर. आधी झालं ते फार कंटाळवाणं काम, आणि खरं महत्त्वही त्यालाच आहे.

१९७५ च्या कायद्यानुसार महाराष्ट्रातल्या शहरांत कुणालाही मनाला येईल तेव्हा झाड तोडता येत नाही. परवानगी लागते. त्यासाठी महानगरपालिकेचं वृक्ष प्राधिकरण असतं. तोडण्याआधी जाहीर नोटीस द्यावी लागते आणि लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. मग झाडं वाचवायची असतील तर पहिलं काम कोणतं? नोटीस वाचणं! नकाशा उघडून बघणं. कागदावर लिहिलेली झाडं जमिनीवर जाऊन मोजणं. कुठलं झाड, घेर किती, त्यावर घरटं आहे का, हे टिपून ठेवणं.

हे सगळं करायला कोण आलं? कॉलेजमधली मुलं-मुली आली. निवृत्त झालेले आजोबा आले. नोकरी करणाऱ्या बायका रविवारी सुट्टी घालवून आल्या. पाड्यावरची माणसं तर होतीच. झाडांची नावं, पायवाटा, ओढे, सगळं त्यांनाच तोंडपाठ. कुणाला पगार नव्हता. कुणी वकील होतं, ते अर्ज लिहून देई. कुणी पक्ष्यांचा जाणकार, तो पहाटे मुलांना घेऊन फिरवी. कुणाला काहीच येत नसे, तो बाकीच्यांसाठी चहा आणी! रविवारी रस्त्याच्या कडेला हातात हात धरून मानवी साखळी होई. त्यात आईबाबांचं बोट धरून आलेली तुमच्याएवढी मुलंही असत. उन्हाळ्यात वाळलेल्या गवताला आग लागे, तेव्हा अग्निशमन दलाला कळवायचं कामही हीच मंडळी करत.

लोकांनी आवाज उठवल्यावर सरकारनं २०१५ साली तज्ज्ञांची समिती नेमली. समितीचा कल काही प्रमाणात आरेकडेच राहिला, पण तिच्यातल्या दोन शास्त्रज्ञांनी आपलं वेगळं मत लेखी नोंदवलं – कारशेड आरेमध्ये नको. एका खोलीत सगळे ‘हो’ म्हणत असताना ‘नाही’ म्हणायला धीर लागतो. तुम्ही वर्गात कधी तसं म्हणून बघितलंय का?

२०१९ मध्ये झाडांचा नवा प्रस्ताव आला, तेव्हा महानगरपालिकेकडे ८० हजारांहून अधिक हरकती जमा झाल्या. तरीही २९ ऑगस्ट २०१९ रोजी वृक्ष प्राधिकरणानं २,६४६ झाडांबद्दल निर्णय दिला – २,१८५ तोडायची आणि ४६१ उपटून दुसरीकडे लावायची.

तुम्ही म्हणाल, दुसरीकडे लावली तर काय बिघडलं? अरे, झाड म्हणजे कुंडी नव्हे! मोठ्या झाडाची मुळं लांबवर पसरलेली असतात. उपटताना ती छाटावीच लागतात. बरीच झाडं तो धक्का सोसत नाहीत. काही जगतात, पण ‘हलवलं’ म्हणजे ‘वाचवलं’ असं नेहमीच होत नाही.

एक रात्र

भांडण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. तिथं एक मोठा अवघड प्रश्न होता. आरे हे जंगल आहे का?

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? झाडं आहेत, बिबट्या आहे, म्हणजे जंगलच! पण कायद्याचं तसं नसतं. सरकारी कागदांत आरे ही दुग्धविकास खात्याची जमीन होती. ‘वन’ असा शिक्का तिच्यावर नव्हता. आरे वाचवणारे म्हणत, १९९६ सालीच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की शब्दकोशात ज्याला जंगल म्हणतात ते जंगल. मालक कोण, ते महत्त्वाचं नाही. दुसरी बाजू म्हणे, ही तर म्हशींच्या चाऱ्यासाठी राखलेली जागा, आणि पुष्कळ झाडं माणसानंच लावलेली.

४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयानं आरे वाचवणाऱ्यांचे अर्ज फेटाळले. दिवस शुक्रवारचा. त्याच रात्री अंधारात करवतींचा घरघराट सुरू झाला. पाड्यांवरच्या लोकांना तो ऐकू गेला. फोन वाजले, निरोप गेले, आणि बघता बघता शेकडो माणसं आरेच्या रस्त्यावर जमली. पोलिसांनी रस्ते अडवले, जमावबंदी लागू झाली. २९ जणांना अटक झाली. त्यांत कॉलेजात शिकणारी मुलंही होती. परीक्षेच्या दिवसांत ती कोठडीत बसली. त्यांच्या आईबाबांची काय अवस्था झाली असेल, याचा विचार करा.

आणि मग एक पत्र गेलं! कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्यानं देशाच्या सरन्यायाधीशांना पत्र लिहून सगळी हकिकत कळवली. रविवारी पत्र गेलं आणि सोमवारी, ७ ऑक्टोबर २०१९ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानून सुनावणी घेतली. न्यायालयानं सांगितलं – आता आणखी झाडं तोडायची नाहीत, आणि अटक केलेल्या सगळ्यांना सोडा. पुढं त्यांच्यावरचे गुन्हे मागे घ्यायचा आदेशही निघाला.

पण तोपर्यंत किती झाडं पडली होती? २,१४१. शुक्रवारच्या रात्रीपासून सोमवारच्या सकाळपर्यंत.

तुमच्या शाळेत किती मुलं आहेत? मोठ्या शाळेत दोन हजार असतील. सकाळच्या प्रार्थनेला भरलेलं मैदान डोळ्यांसमोर आणा. त्या प्रत्येक मुलाच्या जागी एक झाड.

पुढं काय झालं?

पुढची गोष्ट सापशिडीच्या खेळासारखी आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकार बदललं आणि कारशेडचं काम थांबलं. शिडी! २०२० मध्ये आरेमधली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करायचं ठरलं आणि कारशेड कांजूरमार्गला न्यायची असंही जाहीर झालं. आणखी मोठी शिडी! पण कांजूरमार्गच्या जमिनीच्या मालकीवरून वाद उभा राहिला आणि डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयानं तिथलं काम थांबवलं. साप. २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदललं आणि जुलैमध्ये कारशेड परत आरेमध्ये आली. मोठा साप! स्वयंसेवक पुन्हा रविवारी रस्त्याच्या कडेला उभे राहू लागले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मेट्रोला ८४ झाडांसाठी अर्ज करायची मुभा दिली. मेट्रोनं प्रत्यक्षात १७७ झाडांसाठी हालचाल केली. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयानं त्याबद्दल खडसावलं, १० लाख रुपये दंड केला. पण काम अडू नये म्हणून १७७ झाडांना परवानगीही दिली. दंड आणि परवानगी, दोन्ही एकाच दिवशी!

कारशेड झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल अशी मेट्रो सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती थेट कफ परेडपर्यंत गेली. आज तिच्या शेवटच्या स्थानकाच्या नावात ‘आरे’ आहे. गार हवेच्या डब्यात बसून माणसं तासाभरात मुंबईच्या या टोकाहून त्या टोकाला जातात. त्यांत आरे वाचवायला आलेली माणसंही असतील. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ते मेट्रोच्या विरोधात कधी नव्हतेच.

मग ते हरले का?

कारशेडपुरतं बघितलं, तर हो, हरले. खोटं कशाला बोलायचं? पडलेलं एकही झाड परत उभं राहिलं नाही. पण हिशेबाच्या वहीचं दुसरं पानही उलटून बघा. ज्या आरेवर कागदोपत्री ‘वन’ हा शब्द नव्हता, तिच्यातल्या सुमारे ८०० एकरांना राखीव वनाचं संरक्षण मिळालं. आता तिथला तुकडा मागणाऱ्याला ‘थोडीशीच तर हवी’ म्हणून भागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, आपल्याला विचारल्याशिवाय आरेमधल्या झाडांना हात लावायचा नाही. २०२१ साली राज्याच्या वृक्ष कायद्यात बदल होऊन ५० वर्षांहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज’ झाडं म्हणून वेगळं संरक्षण मिळालं.

काम मात्र संपलेलं नाही. गोरेगाव–मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे राष्ट्रीय उद्यानाच्या खालून जायचे आहेत आणि त्यासाठी चित्रनगरीजवळच्या झाडांचा प्रश्न आलाच. पुण्यातही २०२३ साली वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती–पौड फाटा रस्त्याविरुद्ध माणसं मोठ्या संख्येनं रस्त्यावर आली. रोज पहाटे टेकडीवर फिरायला जाणारे आजोबा त्यांत होते आणि शाळेत जाणारी मुलंही होती. शहरं वाढणार, रस्ते लागणार, गाड्या लागणार. म्हणून हा प्रश्न तुम्ही मोठे व्हाल तेव्हाही येणार. तेव्हा कुणीतरी नोटीस वाचलेली असायला हवी!

तुमच्यासाठी रविवारचं काम

पालकहो, आरेमध्ये मुलांना जरूर न्या, पण दिवसाउजेडी न्या आणि माहितगार माणसाबरोबर न्या. पाड्यांवर लोकांची घरं आहेत, ते प्रदर्शन नव्हे. विचारल्याशिवाय फोटो काढू नका. प्लॅस्टिकची एकही पिशवी मागं ठेवू नका. आणि हो, मोबाइलवर गाणी लावू नका. तिथं ऐकण्यासारखं पुष्कळ आहे.

मुंबईपासून दूर राहणाऱ्या मुलांनी काय करायचं? आपल्या घराजवळचं किंवा शाळेजवळचं एक मोठं झाड निवडा. एक सुतळी घ्या. झाडाच्या बुंध्याभोवती, साधारण तुमच्या छातीच्या उंचीवर, ती गुंडाळा आणि नंतर पट्टीनं मोजा. हा झाला झाडाचा घेर. वहीत तारीख घालून लिहा. झाडाचं नाव माहीत नसेल तर आजीला किंवा माळीकाकांना विचारा. त्यावर कोणते पक्षी बसतात, घरटी किती, खोडावर मुंगळे आहेत का, कधी फुलतं, पानं कधी गळतात, ते टिपत जा. दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. वर्षभरात घेर किती वाढला, ते आम्हांला पत्रानं कळवा.

आरे वाचवायला आलेल्या माणसांनीही सुरुवात अशीच केली होती – सुतळी, वही आणि पेन्सिल घेऊन. झाडाच्या खोडावर कधी एखादा कागद चिकटवलेला दिसला, तर तो आधी नीट वाचा आणि घरी जाऊन मोठ्या माणसांना सांगा. हरकत घ्यायला दिवस थोडेच असतात!